किंमत ठरवा विकत घेणाऱ्याकडे बघून

वाचकाचं पत्र

"मी आणि माझा कॉलेजमधला मित्र, आम्ही दोघांनी मिळून कॉम्प्युटरसाठी एक लहानसा गेम बनवला. प्रोग्रॅमिंग आणि चित्रं माझी, संगीत त्याचं. नोकरी सांभाळून रात्री आणि शनिवार-रविवारी काम करत अडीच वर्षं गेली. कोकणातल्या एका बंद वाड्यात कोडी सोडवत फिरायचं, असा चार-पाच तासांचा खेळ आहे. गेल्या महिन्यात स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर आणला. किंमत 9.99 डॉलर, आणि भारतात त्याच हिशोबाने 849 रुपये. चौथ्याच दिवशी क्रॅक होऊन, म्हणजे पैसे न देता चालेल असा फोडून, टोरेंटवर (फुकट फाइली वाटायच्या जाळ्यावर) आला. तिथला डाउनलोडचा आकडा आमच्या एकूण विक्रीच्या कितीतरी पट आहे. त्याच आठवड्यात माझ्या मामेभावाचा मेसेज आला, 'ताई, आमच्या अख्ख्या हॉस्टेलमध्ये तुझा गेम चालू आहे, पोरांना जाम आवडलाय!' सगळ्यांनी पेनड्राइव्हवरून घेतला होता. मला रडू आलं. त्याला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. मित्र म्हणतो, किंमत सरळ 99 रुपये करू, म्हणजे कोण कशाला चोरेल? मला वाटतं, चोरटी प्रत चालूच नये असं चांगलं भक्कम कुलूप गेमला घालावं. आई-बाबा म्हणतात, हौस झाली, आता पुरे. आम्ही काय करावं? पुढचा गेम करावा का?"

एक वाचक, नाशिक

सल्ला

सगळ्यात आधी एक विनंती. पुढचे पंधरा दिवस किमतीला हात लावू नका. मन दुखावलेलं असताना ठरवलेली किंमत पुढे फार काळ भोवते. एकदा 99 वर आणलेला गेम पुन्हा वर नेणं कठीण जातं, आणि ज्यांनी पहिल्या आठवड्यात पूर्ण पैसे मोजून तुमच्यावर विश्वास टाकला त्यांनाच आपण फसलो असं वाटतं. या घडीला तुमचे खरे आधार तेवढेच लोक आहेत.

आता त्या आकड्याकडे बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. 2008 साली अमेरिकेत काइल गॅब्लर आणि रॉन कार्मेल या दोघांनी, तुमच्यासारखंच दोघांत मिळून, 'वर्ल्ड ऑफ गू' नावाचा गेम काढला. त्याला कुठलंही कुलूप नव्हतं. गेम चालवणारे कॉम्प्युटर आणि विकलेल्या प्रती यांची तुलना करून त्यांनी अंदाज बांधला, तेव्हा खेळणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोकांनी पैसे दिलेले नव्हते. नंतर हिशोब अधिक नीट केल्यावर तो आकडा 82 टक्क्यांवर आला. 2013 मध्ये पॅट्रिक आणि डॅनिएल क्लूग या भावांनी 'गेम डेव्ह टायकून' काढला, 7.99 डॉलरला. त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या गेमची एक 'क्रॅक' प्रत स्वतःच टोरेंटवर टाकली आणि मोजत बसले. दिवसाअखेर विकत घेऊन खेळणारे 214 आणि ती प्रत खेळणारे 3,104 निघाले. म्हणजे 93.6 टक्के. त्या प्रतीत त्यांनी एक मेख मारून ठेवली होती. खेळात खेळाडूची स्वतःची गेम कंपनी असते, ती काही वेळाने पायरसीमुळे बुडायला लागायची. मग तेच लोक विचारू लागले की खेळात पायरसी रोखायचा काही उपाय आहे का, एवढे कष्ट करून आमचं दिवाळं निघतंय!

हे सांगायचं कारण असं, की तुमच्या बाबतीत जे घडलं ते तुमचा गेम कमी पडला म्हणून घडलेलं नाही, आणि तुम्ही कुठे हलगर्जी केलीत म्हणूनही नाही. नाव काढणाऱ्या गेमांच्या वाट्याला हेच आलं आहे. लंडनच्या अस्टू कंपनीने 2015 च्या सुरुवातीला सांगितलं होतं, की त्यांचा 'मॉन्युमेंट व्हॅली' अँड्रॉइडवर ज्या फोनांत बसवला गेला त्यांपैकी जेमतेम 5 टक्के प्रती पैसे देऊन घेतलेल्या होत्या, आयफोनवर 40 टक्के. त्यातल्या काही फुकट प्रती एकाच माणसाच्या दोन-तीन उपकरणांवरच्याही होत्या, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. असे आकडे बघताना ते ध्यानात असू द्या.

पण मुख्य चूक होते ती पुढच्या गुणाकारात. पाच हजार डाउनलोड गुणिले 849 रुपये, एवढे आपले बुडाले, असा हिशोब रात्री अंथरुणात मनात सुरू होतो. तो खरा नाही. याचा थेट अनुभव रिफ्लेक्झिव्ह नावाच्या कंपनीने 2008 मध्ये जाहीरपणे मांडला आहे. त्यांच्या 'रिकोशे इन्फिनिटी' या गेमला कुलूप होतं, तरी त्याच्या 92 टक्के प्रती फुकट खेळल्या जात होत्या. त्यांनी कुलूप एकेक करून पक्कं केलं, क्रॅक बंद पाडले आणि प्रत्येक वेळी विक्री किती वाढते ते तपासलं. एकूण निष्कर्ष असा निघाला, की 1,000 चोरटे डाउनलोड बंद केले तेव्हा विक्रीत सरासरी एका प्रतीची भर पडली. हजाराला एक! हे एका कंपनीचे, त्या काळचे आकडे आहेत, सगळीकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी दिशा कळते. टोरेंटवरून उतरवणाऱ्यांतला फार मोठा भाग तुमचा गेम कधीच विकत घेणार नव्हता. कित्येक जण तर उतरवून उघडतसुद्धा नाहीत.

याचा अर्थ पायरसीने कुणाचं काही बिघडत नाही, असा मी अजिबात काढत नाही. 2024 मध्ये विल्यम व्होल्कमन या संशोधकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने डेनुव्हो हे महागडं संरक्षण वापरणारे गेम तपासले. गेम पहिल्याच आठवड्यात क्रॅक झाला तर एकूण उत्पन्नात सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास घट येते, आणि बारा आठवड्यांनंतर क्रॅक झाला तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही, असं त्याला आढळलं. ते बहुतेक मोठे, लोक वाट बघत असलेले गेम होते, हे खरं. पण नुकसान होतं, आणि ते सुरुवातीलाच होतं. जोनाथन ब्लो याचा 'द विटनेस' 2016 मध्ये आला आणि एका मोठ्या टोरेंट साइटवर पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा त्याने लिहिलं होतं की याने आम्हाला पुढचा गेम करायला पैसे मिळणार नाहीत. "तेवढीच प्रसिद्धी झाली" असं म्हणून तुमची समजूत घालणारे भेटतील. प्रसिद्धी झाली की नाही हे तुम्हाला स्टीमच्या विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायचा म्हणून लोक गेम नोंदवून ठेवतात त्या यादीत, दिसेल. क्रॅक आल्यानंतरच्या दिवसांत विशलिस्ट वाढली असेल तर झाली, नसेल तर नाही.

मित्राच्या 99 रुपयांच्या सूचनेकडे येऊ. स्वस्त केलं तर कोण चोरेल, हे ऐकायला पटतं. पण याची परीक्षाही होऊन गेली आहे. 'वर्ल्ड ऑफ गू' एक वर्षाचा झाला तेव्हा त्या दोघांनी 20 डॉलरचा गेम 'वाटेल ती किंमत द्या' म्हणून खुला केला. 57 हजारांच्या आसपास लोकांनी घेतला, सरासरी 2 डॉलरला, आणि सगळ्यांत जास्त लोकांनी निवडलेली किंमत होती 1 सेंट. पुढच्या वर्षी, मे 2010 मध्ये, वुल्फायर कंपनीने पाच गेमांचा एक गठ्ठा त्याच पद्धतीने विकला, 'हंबल इंडी बंडल'. किमान किंमत एक सेंट, आणि त्यातला काही भाग आपण दानालाही वळवू शकत होतो. तरीही, त्यांच्याच अंदाजानुसार, सुमारे 25 टक्के डाउनलोड पैसे न देता झाले. एक सेंटही द्यायचा नाही म्हणून! हे लोक किंमत बघतच नाहीत. कुणाकडे कार्ड नसतं, कुणाला खातं उघडायचा कंटाळा असतो, कुणी अल्पवयीन असतो, आणि कुणाला फुकट मिळवण्यातच मजा वाटते. त्यांच्यासाठी तुम्ही 849 चे 99 केलेत तरी ते जिथे आहेत तिथेच राहणार.

त्याच बंडलची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथे एक सेंटमध्ये सगळं मिळत असताना लोकांनी सरासरी 9 डॉलरच्या वर दिले आणि एकूण जमा झाले साडेबारा लाख डॉलरपेक्षा जास्त. लोक पैसे देतात. ते देतात कारण त्यांना तुमच्याबद्दल काहीतरी वाटतं, आणि देणं सोपं असतं.

म्हणून किंमत ठरवताना टोरेंटवाल्याला खोलीबाहेर काढा. जो देऊ शकतो, ज्याला द्यायची इच्छा आहे आणि जो तुमच्या पानावर येऊन थबकला आहे, त्याच्याकडे बघा. आणि इथे मात्र तुमचं थोडं चुकलं आहे असं मला वाटतं. 9.99 डॉलर ही किंमत चार-पाच तासांच्या, मन लावून केलेल्या गेमला रास्त आहे, तिला हात लावू नका. पण भारतातले 849 रुपये हा नुसता विनिमयदराचा गुणाकार आहे. स्टीम स्वतः प्रत्येक चलनासाठी किंमत सुचवतं, आणि रुपयातली सुचवलेली किंमत सरळ रूपांतरापेक्षा बरीच खाली असते. प्रत्येक चलनाची किंमत तुम्ही हाताने बदलू शकता. पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्याला 849 रुपयांत सेलच्या दिवसांत दोन-तीन गाजलेले जुने गेम मिळतात. तो अनोळखी नावावर तेवढे पैसे लावणार नाही.

हिशोब मांडून बघा. 849 मध्ये 18 टक्के जीएसटी धरलेला आहे, तो वजा केला की साधारण 719 उरतात. त्यातले 30 टक्के स्टीमचे. तुम्हा दोघांच्या हाती मिळून येतात 504 रुपये. किंमत 449 केली तर त्याच रीतीने 266. म्हणजे भारतात विक्री दुप्पट झाली की तुम्ही आत्ताच्या पुढे जाता. माझा अंदाज आहे की ती दुपटीहून जास्त होईल. 99 रुपये केलेत तर हाती येतात 59, आणि आत्ताइतकं मिळवायलाच साडेआठ पट गिऱ्हाईक लागेल. तेवढे लोक तुमच्या पानावर आज येतच नाहीत, स्वस्त केल्याने एकदम येणारही नाहीत.

99 ला माझा विरोध असण्याचं आणखी एक कारण आहे. एका देशात किंमत फारच खाली असली की बाहेरचे लोक आपला देश खोटा दाखवून तिथून घ्यायला लागतात. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात हे इतकं चाललं, त्यात तिथली चलनं कोसळत गेली, की नोव्हेंबर 2023 मध्ये स्टीमने पेसो आणि लिरा बंद करून तिथे डॉलर आणले. तिथल्या खऱ्या खेळाडूंना एका रात्रीत कित्येक पट किमती मोजाव्या लागल्या. रुपयाची किंमत डॉलरच्या निम्म्याच्या आसपास ठेवा, दशांशावर नेऊ नका.

कमी किंमत हाच मार्ग, असं तुमच्या मित्राला कुणाच्या तरी यशाकडे बघून वाटत असेल. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' आधी 2.99 डॉलरला आला आणि जगभर गाजला, हे खरं. पण तो अर्ध्या अर्ध्या तासाच्या डावांचा, पुन्हा पुन्हा खेळायचा गेम आहे, बघणाऱ्यालाही लगेच खेळावासा वाटणारा. तुमचा कोड्यांचा गेम माणूस एकदा खेळतो, सोडवतो आणि मनात ठेवतो. त्याला तो मार्ग लागू नाही. उलट टोकाला झेक प्रजासत्ताकातले 'फॅक्टोरिओ'वाले आहेत. त्यांनी आजवर एकदाही सूट दिलेली नाही. 20 डॉलरचे 30 केले, 2023 च्या जानेवारीत महागाईचं कारण सांगून 35 केले, आणि लोकांनी घेतला. अर्थात तेवढा हट्ट करण्याइतकं नाव तुमचं अजून झालेलं नाही. तुम्ही सूट द्या, पण बेताने. 20 टक्के किंवा त्याहून जास्त सूट दिली की विशलिस्टमध्ये ठेवलेल्यांना स्टीमकडून आपोआप ईमेल जातं. सुरुवातीला 20, काही महिन्यांनी 30, वर्षाने 50, अशी उतरंड ठेवा. पहिल्याच सेलमध्ये 75 टक्के सूट दिलीत तर उरलेले सगळे पुढच्या सेलची वाट बघत बसतील.

कुलपाबद्दल थोडक्यात सांगते. स्टीम जे साधं वेष्टन देतं ते पायरसीवरचा उपाय नाही, असं स्टीमच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. डेनुव्होसारखी व्यवस्था दोघांच्या खिशाबाहेरची आहे. आणि तुमचा गेम एकदा क्रॅक झालेलाच असल्यामुळे आता घातलेलं कुलूप फक्त विकत घेणाऱ्यांनाच आडवं येईल. तो वेळ गेम सुधारण्यात घाला. टोरेंटवरची प्रत पहिल्या आठवड्यातली आहे, तिच्यातल्या चुका तशाच राहतात. तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकाला मात्र दर महिन्याला काहीतरी नवीन मिळू शकतं. स्वीडनच्या योनातान सोडरस्ट्रॉमने 2012 मध्ये 'हॉटलाइन मायामी' काढला तेव्हा तो स्वतः टोरेंट साइटवर जाऊन फुकट खेळणाऱ्यांच्या अडचणी सोडवत होता. लोकांनी माझा गेम बिघडलेल्या अवस्थेत खेळू नये, असं त्याचं म्हणणं होतं. तुम्ही एवढं करावं असं मी म्हणणार नाही, तेवढा जीव आत्ता तुमच्यात उरलेला नाही. पण त्यामागची समजूत मला फार मोलाची वाटते. तुमचा गेम कुणाकडेही गेला तरी तो तुमचाच आहे, आणि तो चांगला दिसला पाहिजे.

यावरून पोलंडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1990 च्या दशकात वॉर्सात एका जुन्या स्टेडियमवर मोठा बाजार भरायचा आणि तिथे चोरट्या गेमांच्या सीडी उघड विकल्या जायच्या, जशा आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला मिळायच्या. सगळे म्हणायचे, इथे मूळ गेम कोण घेणार? 1999 मध्ये सीडी प्रोजेक्ट या तिथल्या कंपनीने 'बॉल्डर्स गेट' आणला तो पूर्ण पोलिश भाषेत, नावाजलेल्या नटांचे आवाज घेऊन, मोठ्या सुंदर खोक्यात आणि खोक्यात चर्मपत्रासारखा नकाशा घालून. पहिल्याच दिवशी सुमारे 18 हजार खोकी गेली. त्या कंपनीने पुढे 2008 मध्ये कुलूप नसलेले गेम विकणारं दुकानही काढलं. बाजारातला चोर जे देऊ शकत नव्हता ते त्यांनी दिलं. तुमचा वाडा कोकणात आहे, आणि पत्रावरून मला कळलं नाही की गेम मराठीत खेळता येतो का. येत नसेल तर पुढच्या अपडेटमध्ये मराठी मजकूर घाला, आजीच्या पत्रांना किंवा भिंतीवरच्या नोंदींना खरा मालवणी बाज द्या. त्यासाठी चार चांगले जाणकार गाठा. हे काम दोघांच्या आवाक्यातलं आहे, आणि भारतात 449 देणाऱ्याला देण्यासारखं काहीतरी त्यातून तयार होतं. एक मोफत डेमोही ठेवा, पहिल्या अर्ध्या तासाचा. "आधी बघून मग घेणार होतो" म्हणणाऱ्यांत काही खरं बोलणारे असतात, त्यांना रस्ता मिळू दे.

मामेभावाचं काय करायचं, हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न.

त्याने तो मेसेज अभिमानाने लिहिला आहे. आपल्या ताईने बनवलेला गेम हॉस्टेलभर गाजतोय, यात त्याला फक्त कौतुक दिसतं. आपल्याकडच्या कित्येकांनी गेम म्हणजे काय ते सायबर कॅफेत आणि सीडीवरून पाहिलं. त्यामागे कुणीतरी बसून काम केलेलं असतं, त्याला भाडं भरायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यामुळे त्याला चोर ठरवू नका. पण गप्पही राहू नका. तुम्ही हसून सोडून दिलंत तर तो आयुष्यभर हेच धरून चालेल की ताईला चालतं, म्हणजे कुणालाही चालतं.

त्याला शक्यतो फोन करा. मेसेजच पाठवायचा असेल तर काहीसा असा: "तुम्हाला सगळ्यांना आवडला हे वाचून खरंच बरं वाटलं रे. पण एक सांगते. ही प्रत क्रॅक केलेली आहे, तिच्यातून आम्हाला एक रुपयाही मिळत नाही, आणि अडीच वर्षं रात्री जागून आम्ही तो केलाय. ज्यांना जमेल त्यांनी सेल लागल्यावर स्टीमवरून घ्या, यूपीआय चालतं, कार्ड लागत नाही. ज्यांना नाही जमणार त्यांनी निदान विशलिस्टमध्ये टाका आणि कुणाकुणाला सांगा. आणि तो पेनड्राइव्ह पुढे देऊ नका, त्या क्रॅकबरोबर कॉम्प्युटरमध्ये आणखी काय शिरतं ते मला माहीत नाही." एवढंच. रागवायचं नाही, भीक मागितल्यासारखंही बोलायचं नाही.

त्याला फुकट 'की', म्हणजे स्टीमच्या खात्यात गेम उघडून देणारा कोड, देण्याचा मोह होईल. द्या, तो घरचा आहे. पण त्यातून गेमला आधार मिळणार नाही हे माहीत असू द्या. स्टीमवर रिव्ह्यू लिहायला गेम खात्यात असावा लागतो, आणि कीने मिळालेल्या प्रतीवरचा रिव्ह्यू एकूण गुणांत धरला जात नाही. गुण दिसायला लागण्यासाठीच विकत घेतलेल्या प्रतींवरचे निदान दहा रिव्ह्यू हवेत. हॉस्टेलमधल्या दहा मुलांनी सेलमध्ये तीन-साडेतीनशे रुपयांना गेम घेतला आणि दोन ओळी लिहिल्या, तर त्याचं मोल त्या रकमेपेक्षा खूप जास्त आहे. हेही त्याला सांगा. मुलांना असं नेमकं काम दिलं की ती ते मनापासून करतात.

आणि ज्याच्याकडे खरोखरच पैसे नाहीत त्याचं काय? 'माइनक्राफ्ट'वाल्या मार्कुस पेर्सनने 2012 मध्ये अशाच एका मुलाला सांगितलं होतं, आत्ता फुकट खेळ, पुढे पैसे आले की घे, आणि तोवर मनात थोडी बोच राहू दे. लाखो प्रती खपलेल्या माणसाला असं म्हणणं परवडतं. तुम्हाला ते म्हणायची गरज नाही. पण त्या मुलाचा रागही धरू नका. आज हॉस्टेलमध्ये असलेला मुलगा चार वर्षांनी नोकरीला लागलेला असतो, आणि तेव्हा तुमचं नाव त्याच्या लक्षात असलं तर तो तुमचा गिऱ्हाईक होऊ शकतो.

कायद्याचा मार्गही आहे, पण त्याचा उपयोग मर्यादित आहे. कॉपीराइट कायद्याच्या 63-ब कलमानुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून 50 हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. हॉस्टेलच्या मुलांवर हे वापरायची कल्पनाही करू नका. मात्र तुमचा गेम कुणी टेलिग्रामवर पैसे घेऊन विकत असेल, किंवा कुणी आपल्या साइटवर ठेवून जाहिरातींतून कमावत असेल, तर जरूर तक्रार करा. 2013 च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर तक्रार मिळाल्यावर 36 तासांत मजकूर हटवावा लागतो, आणि तो हटवलेलाच राहावा यासाठी 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. परदेशी साइटसाठी अमेरिकन कायद्याखालची नोटीस द्या, ती फुकट आहे आणि गूगलच्या शोधातूनही दुवे काढले जातात. आठवड्यातला एक तास यासाठी ठेवा, त्यापलीकडे नको.

पायरसीपेक्षा मला तुमच्यासाठी कीच्या फसवणुकीची धास्ती जास्त वाटते. "आमचं मोठं यूट्यूब चॅनेल आहे, चार की पाठवा" अशा ईमेलांचा पाऊस तुमच्याकडे पडला असेल. त्यांतले बरेच खोटे असतात आणि त्या की दुसऱ्या दिवशी जी-टू-ए सारख्या पुनर्विक्रीच्या बाजारात दिसतात. चोरीच्या कार्डाने घेतलेल्या की तिथे विकल्या गेल्या तर प्रकरण आणखी वाईट होतं, कारण बँक पैसे परत ओढते आणि वर दंड तुमच्या माथी मारते. 'फॅक्टोरिओ'वाल्यांनी याची तक्रार केली, तपासणी झाली, आणि 2020 मध्ये जी-टू-एला अशा 198 कीबद्दल त्यांना 39,600 डॉलर द्यावे लागले. पोलंडच्या 'डार्कवूड' बनवणाऱ्यांनी 2017 मध्ये या बाजाराला कंटाळून स्वतःच गेम टोरेंटवर टाकला आणि लोकांना कळकळीने सांगितलं, पैसे नसतील तर हा घ्या, पण पुनर्विक्रीवाल्यांकडून घेऊ नका. तुम्ही एवढंच करा, की ईमेलमधला पत्ता चॅनेलच्या पानावर दिलेल्या पत्त्याशी जुळतो का ते तपासा आणि एकाला एकच की द्या.

एक कामाची गोष्ट राहून जायला नको. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. स्टीमच्या कर-अर्जात पॅन आणि भारत-अमेरिका कराराचा उल्लेख नीट भरलात तर तो 30 ऐवजी 15 टक्के होतो. कित्येक जणांकडून हे राहतं. हा फरक पायरसीच्या काल्पनिक नुकसानीपेक्षा तुमच्या खात्यात जास्त दिसेल.

पुढचा गेम करायचा का, हे आत्ता ठरवू नका, आणि नोकरीही सोडू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने 2017 मध्ये 'राजी' या गेमसाठी लोकांकडून निधी उभारायचा प्रयत्न केला, तो पुरा झाला नाही, तरी गेम 2020 मध्ये आला. पण त्यांच्यावर जे ओझं आलं ते प्रत्येकाने उचलावं असं नाही. तुम्ही दोघं एका कागदावर एक रक्कम लिहा, जी पहिल्या वर्षात या गेममधून आली तर पुढचा करायचा. ती स्वप्नातली नको. पुढच्या गेमच्या संगीताचा, एखाद्या चांगल्या मायक्रोफोनचा आणि सहा महिने अर्धवेळ काम करता येईल एवढा खर्च निघाला की पुरे. अशा लहान गेमांची बरीचशी कमाई पहिल्या महिन्यानंतरच्या सेलांत होते, म्हणून दोन मोठे सेल होऊ द्या, मराठी आवृत्ती येऊ द्या आणि मग हिशोब करा. तो कागद आई-बाबांनाही दाखवा. त्यांचा आक्षेप तुमच्या कामाला नसावा, तुमच्या रात्रींची त्यांना काळजी असावी, आणि समोर एक आकडा आणि एक तारीख असली की तेही वर्षभर थांबतील असं मला वाटतं. रक्कम जमली नाही तर पुढचा गेम आणखी लहान करा, वर्षभरात संपेल असा. रुपयातली किंमत मात्र पंधरा दिवस उलटले की बदला. पुढची सूट त्यानंतर निदान महिनाभराने ठेवा, आणि ज्यांनी 849 ला घेतला त्यांच्यासाठी मराठी अपडेटबरोबर संगीत आणि वाड्याच्या स्केचेसची एक फाइल मोफत टाका.